‘कामात चोख’ माणसाची दंतकथा : ‘एकच प्याला’, मजाज आणि मंटो यांच्या निमित्ताने

बेळगाव-निपाणी पट्ट्यात एखाद्या पिणाऱ्या माणसाची बाजू घ्यायची झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पितो, पण कामात चोख आहे.’ हे वाक्य मराठीत बोलले जाते, कन्नडमध्ये बोलले जाते, आणि आपल्या घरांत दखनी उर्दूतही बोलले जाते. ट्रकचालकाबद्दल ते फारसे कुणी म्हणत नाही. वकील, डॉक्टर, कंत्राटदार, कारकून आणि प्राध्यापक यांच्याबद्दल मात्र अगदी सहज म्हटले जाते. ज्याची नोकरी शाबूत आहे, ज्याची मुले शिकत आहेत, ज्याच्या अंगावर इस्त्रीचे कपडे आहेत, तो कितीही पीत असला तरी व्यसनी नव्हे, असा या वाक्याचा अर्थ होतो.

प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी साहित्याच्या अंगाने करण्याचा प्रयत्न आहे. उर्दू आणि मराठी अशा दोन्ही वर्गांत शिकवताना मला असे जाणवत आले आहे की ही समजूत घडवण्यात आपल्या दोन्ही वाङ्मयांचा, आणि त्याहून अधिक ती वाङ्मये वाचण्याच्या आपल्या सवयीचा, मोठा हात आहे. मराठीने आपल्याला दारूबाज ओळखायला शिकवले ते त्याच्या सर्वनाशावरून. उर्दूने शिकवले ते त्याच्या प्रतिभेवरून. ज्याचा सर्वनाश झालेला नाही आणि ज्याच्याकडे प्रतिभाही नाही, असा नियमित कामावर जाणारा पिणारा माणूस या दोहोंच्या मधून निसटतो. आपल्या आजूबाजूला मात्र तोच बसलेला असतो.

सुधाकराच्या आधीचा तळीराम

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला रंगभूमीवर आणले. त्याच्या सुमारे महिनाभर आधी, २३ जानेवारी १९१९ रोजी, गडकरी सावनेर येथे निवर्तले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी हे नाटक घरोघरी पोहोचवले. शंभर वर्षे उलटून गेली तरी दारूविषयी मराठी माणसाच्या मनात जे चित्र उभे राहते, ते मुख्यतः याच नाटकाचे आहे.

कथानक सर्वांना ठाऊक आहे. सुधाकर हा स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला वकील. न्यायालयातील अपमानाने त्याची सनद काही काळासाठी जाते, ते दुःख विसरण्यासाठी तो पहिला प्याला घेतो, आणि तेथून घसरण सुरू होते. सिंधू दुसऱ्यांचे दळण दळते. मूल जाते, सिंधू जाते आणि शेवटच्या प्याल्यात विष घालून सुधाकरही जातो. प्रेक्षक रडतो. रडून झाल्यावर घरी जाताना मात्र तो एक हिशेबही मनात करतो : माझी सनद तर शाबूत आहे, माझी बायको दळण दळत नाही, म्हणजे मी सुधाकर नव्हे. शोकांतिका जितकी प्रखर, तितका हा दिलासा मोठा. गडकऱ्यांचा हेतू असा खचितच नव्हता; परंतु नाटकाचा असा उपयोग झाला आहे, हे नाकारता येत नाही.

नाटक पुन्हा वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. सुधाकर पहिला प्याला घेतो तेव्हा त्याच्या घरात एक पिणारा आधीपासून आहे. तो म्हणजे त्याचा कारकून तळीराम. तो आधीपासूनच पितो आणि वकिलाची कारकुनीही सांभाळतो. ‘पितो, पण कामात चोख’ या वर्णनात बसणारे पात्र हेच आहे. सुधाकराला प्याला देताना तळीरामाच्या शब्दांपेक्षा त्याचे नुसते तेथे असणे अधिक बोलते : हा रोज पितो, तरी उभा आहे, बोलतो आहे, विनोद करतो आहे. कुठलाही माणूस पहिला प्याला एखाद्या सर्वनाश झालेल्या माणसाच्या हातून घेत नाही. तो घेतो ठीकठाक दिसणाऱ्या माणसाच्या हातून. सुधाकराच्या शोकांतिकेचा उगम तळीरामाच्या ठीकठाक दिसण्यात आहे, आणि आपण वर्गात शिकवताना नेमके हेच सोडून देतो.

तळीराम स्थापन करतो ते ‘आर्य मदिरा मंडळ’ही याच दृष्टीने पाहावे. तेथे शास्त्री आहेत, खुदाबक्ष आहेत, जहाल आहेत, मवाळ आहेत, सुधारक आहेत. धर्म, पक्ष आणि मत यांचे सगळे भेद तेथे एका टेबलाभोवती मिटतात. आपण त्या प्रवेशावर हसतो. पण गडकऱ्यांनी तेथे दाखवलेली गोष्ट गंभीर आहे. पिण्याला प्रतिष्ठा दारू देत नाही, ती मंडळ देते. चार प्रतिष्ठित माणसे एकत्र पिऊ लागली की प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवून स्वतःला निर्दोष ठरवतो.

भाषेनेही येथे आपल्याला दगा दिला आहे. मराठीत ‘सुधाकर’ हा शब्द सामान्यनाम झाला नाही, ‘तळीराम’ झाला. वर्तमानपत्रे आजही पोलिसांनी पकडलेल्या पिणाऱ्यांना ‘तळीराम’ म्हणतात, आणि वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते. या तळीरामाची पत्नी गीता हिचे हाल नाटकात बहुतांशी विनोदाच्या अंगाने येतात, सिंधूचे करुणेच्या अंगाने. सिंधूसाठी आपण रडलो. गीतेसाठी कोणी रडले नाही, कारण तिच्या नवऱ्याचे काम चालू होते.

मजाजचे लतीफे, मंटोच्या कथा

उर्दूकडे वळले की चित्र उलटे होते. तेथे पिणाऱ्यासाठी ‘रिंद’, ‘मयकश’, ‘मयख्वार’ असे एकाहून एक देखणे शब्द आहेत. फारसीतून आलेल्या या परंपरेत मद्य हे अनेकदा रूपक असते आणि साकी, मयखाना, जाम हे शब्द ईश्वरी प्रेमापासून राजकीय बंडापर्यंत काहीही सुचवू शकतात. मराठीत माधव जूलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया आणल्या तेव्हा हेच वळण थोडेफार आपल्याकडेही आले. रूपक हे रूपक म्हणून वाचले जाते तोवर त्याबद्दल तक्रार नाही. रियाज खैराबादी (१८५३-१९३४) यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मद्याविषयी इतके लिहिणारा दुसरा शायर क्वचितच सापडेल, आणि ते स्वतः मद्याला शिवत नव्हते. म्हणजे चांगल्या खमरियातसाठी बाटलीची गरज नसते. अडचण येते ती रूपक खाली उतरून शायराच्या चरित्रात शिरते तेव्हा.

असरारुल हक मजाज यांचा ‘आहंग’ हा संग्रह १९३८ चा. अलीगढच्या विद्यापीठाचा तराना त्यांचाच; आपल्यापैकी अनेकांनी तो उभे राहून गायला आहे. मजाजचे नाव निघाले की लतीफे निघतात. हजरजबाबी मजाज, पिऊन फिरकी घेणारा मजाज, ही प्रतिमा मैफलीत आजही चालते. डिसेंबर १९५५ मध्ये लखनौच्या कडाक्याच्या थंडीत मित्रांसोबत दारूच्या गुत्त्याच्या छतावर पिणे झाले, मित्र निघून गेले, मजाज तेथेच राहिला. ५ डिसेंबरला तो वारला. वय ४४. त्याचे लतीफे जपून ठेवणारे पुष्कळ होते. त्या रात्री त्याला खाली उतरवणारा एकही नव्हता. ज्या माणसाचे पिणे आपली करमणूक करते, त्याचे पिणे थांबावे असे आपल्याला मनापासून वाटत नाही. हे कटू आहे, पण मजाजच्या आठवणी वाचताना त्यावाचून दुसरा निष्कर्ष काढता येत नाही.

सआदत हसन मंटो यांचे उदाहरण दंतकथेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे, कारण ‘पिऊनही काम करणारा’ याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून त्यांचेच नाव पुढे केले जाते. मंटो जानेवारी १९४८ मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेले आणि १८ जानेवारी १९५५ रोजी यकृताच्या विकाराने वारले. तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. या सात वर्षांत त्यांनी विपुल लिहिले. ‘टोबा टेक सिंग’ याच काळातले. एका बैठकीत कथा लिहावी, संपादकाकडे द्यावी, रोख पैसे घ्यावेत आणि त्यातून त्या दिवशीची बाटली आणावी, अशा आठवणी अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. त्या आठवणी आपण कौतुकाने सांगतो : पाहा, एवढी पिऊन एवढे लिहिले!

येथे समीक्षकाने एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. मंटो कामात चोख होते, हा दाखला दिला कोणी? ज्याला कथा मिळाली त्याने. पत्नी सफिया आणि तीन मुली यांच्याकडून हा दाखला कोणी घेतला नाही. मंटोचे भाचे हमीद जलाल यांनी त्यांच्या मृत्यूवर लिहिलेल्या लेखात घरच्यांनी काय सोसले ते दिसते. व्यसन सुटावे म्हणून मंटोंना मनोरुग्णालयात ठेवावे लागले होते, आणि घरच्यांच्या डोळ्यांदेखत माणूस संपत गेला. ‘काम चालू आहे’ हे प्रमाणपत्र नेहमी ज्याच्या हाती काम पडते तो देतो. रात्र काढणाऱ्याला ते द्यायला कोणी बोलावत नाही. शिवाय मंटोंनी दारूमुळे लिहिले की दारू असूनही लिहिले, याचे उत्तर आपण सोयीने पहिले धरतो. दारूने साहित्याकडून नेले काय, तर ४२ व्या वर्षानंतरचा सगळा मंटो.

याच परंपरेत जिगर मुरादाबादीही आहेत. ते एके काळी बेसुमार पीत आणि पुढे त्यांनी मद्य कायमचे सोडले. त्यांच्या ‘आतिश-ए-गुल’ला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे पिण्याचे किस्से मुशायऱ्यात सांगितले जातात, सोडण्याचा किस्सा एखाद्या वाक्यात उरकला जातो. खरे तर आपल्या विद्यार्थ्यांना तोच सविस्तर सांगायला हवा.

शरीर काय सांगते

‘कितीही प्याला तरी डोलत नाही’ ही स्तुती समजली जाते. वैद्यकीय दृष्ट्या ती धोक्याची खूण आहे. मेंदू रोजच्या मद्याशी जुळवून घेतो, यकृत ते अधिक वेगाने जाळू लागते, आणि तोच परिणाम मिळवण्यासाठी अधिक मद्य लागते. न डोलणारा माणूस कमी पीत नसतो, त्याला जास्त लागू लागलेले असते. यकृताचे दुखणे बराच काळ जाणवत नाही. जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. मद्य कर्करोगास कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. आरोग्यास सुरक्षित म्हणावी अशी मद्याची मात्रा नाही, हे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले.

२००७ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी मद्यावर अवलंबून असलेल्या १,४८४ व्यक्तींच्या माहितीवरून व्यसनींचे पाच गट पाडले. त्यांपैकी सुमारे १९ टक्के लोक मध्यमवयीन, सुशिक्षित, स्थिर नोकरीचे आणि संसारी होते. म्हणजे रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस हाच व्यसनी, हे चित्र तेथेही खोटे ठरले. त्याच वर्षी १ जुलैपासून कर्नाटक सरकारने सराईवर बंदी घातली. मजुराच्या हातातले पाकीट गेले, ते बरेच झाले. पण चोर्ला घाटातून गोव्याहून गाडीच्या डिकीत येणारी स्वस्त बाटली पांढरपेशाच्या कपाटात राहिली. त्या बाटलीला आपण ‘व्यसन’ म्हणत नाही, ‘शौक’ म्हणतो.

केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीएक उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांमध्ये ‘कामात चोख’ किती असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणखी एक पुरावा आपल्याकडे दिला जातो. आपल्या मोहल्ल्यात म्हणतात, ‘रमजानचे तीस दिवस हात लावत नाही, मग व्यसनी कसा?’ शेजारच्या गल्लीत म्हणतात, ‘श्रावण कडक पाळतो.’ महिनाभर थांबता येते याचा अर्थ हवे तेव्हा सुटते असा नव्हे. ईदचा चाँद दिसल्यावर किंवा श्रावण सरल्यावर तो माणूस कोठे जातो, त्यावरून निवाडा करावा. शिवाय फार पिणाऱ्याने मद्य एकाएकी तोडले तर झटके येणे, भ्रम होणे असे जिवावरचे प्रसंग येऊ शकतात. म्हणून सोडण्याचा निश्चय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच अमलात यावा.

या संदर्भात मद्यबंदीचा आपल्याला माहीत असलेला क्रम पुन्हा वाचण्यासारखा आहे. प्रथम सूरह बकरामध्ये मद्यात काही लाभ असल्याचे मान्य करून हानी त्याहून मोठी असल्याचे सांगितले गेले. मग सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाऊ नये, असा आदेश आला. शेवटी सूरह माइदामध्ये संपूर्ण मनाई झाली. यातील दुसऱ्या टप्प्यावरचा माणूस म्हणजे वेळापत्रक सांभाळून पिणारा माणूस. तो टप्पा वाटेतला होता, मुक्कामाचा नव्हता. ‘कामात चोख’ म्हणणारे लोक त्या वाटेतल्या टप्प्यालाच मुक्काम समजतात.

शिक्षकांच्या खोलीत

इतके दुसऱ्यांविषयी लिहिल्यावर स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. पूर्वी मी ज्या एका महाविद्यालयात शिकवत होतो, त्याचे नाव येथे नको. तेथे आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही त्यांना नुसते ‘सर’ म्हणत असू. रोज रात्री ते पीत, हे सर्वांना माहीत होते. सकाळचा पहिला तास त्यांनी कधी चुकवला नाही, हेही सर्वांना माहीत होते. काही वर्षांनी ते फळ्यावर लिहिनासे झाले, नुसते तोंडी सांगू लागले. मी तिला त्यांची शैली समजलो. त्यांचा हात थरथरत होता.

परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्या घरी येऊ लागले. ‘जरा बेरजा बघ,’ एवढेच ते म्हणत. एकदा एका मुलीचे १२ गुण बेरजेत राहून गेले होते. ती नापास होणार होती. ते माझ्या नजरेला पडले म्हणून दुरुस्त झाले. नजरेला न पडलेली किती मुले असतील, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. भाभींचा फोन आला की मी म्हणे, ‘भाभी, सरांची तब्येत?’ त्या म्हणत, ‘जरा ताप आहे.’ मग मी तासांची अदलाबदल करून देत असे. शिपाई वेलदोडे आणून ठेवी. आम्ही सगळे ही मैत्री समजत होतो.

सर पन्नाशी ओलांडतात न ओलांडतात तोच गेले. शोकसभेत मी बोललो की सरांनी आयुष्यात एकही तास चुकवला नाही. चाळिसाव्याला घरी गेलो तेव्हा भाभी म्हणाल्या, ‘भाई, तुम्ही सभेत बोललात ते खरेच आहे. पण सकाळी साडेपाचला त्यांना उठवून, अंगावर पाणी घालून, शर्टाची बटणे मी लावत होते. त्यांना स्वतःला लावता येत नव्हती.’ त्यांनी दोष दिला नाही, आवाजही चढवला नाही. मला मात्र उत्तर देता आले नाही.

ज्याला आम्ही सरांची कार्यक्षमता म्हणत होतो ती अशी वाटून घेतलेली होती. काही भाभींची, काही माझी, काही शिपायाची. आणि तिची किंमत काही अंशी अशा मुलांनी मोजली, ज्यांना आपण मोजतो आहोत हे ठाऊकही नव्हते. एकट्याच्या बळावर पिऊन काम करणारा माणूस मला आजवर दिसलेला नाही. त्याच्यामागे काम सांभाळणारी माणसे तेवढी दिसली आहेत. त्यांनी सांभाळणे थांबवले असते, तर कदाचित सरांना पाच-सात वर्षे आधी उपचाराकडे जावे लागले असते. मी त्यांचे गठ्ठे तपासून त्यांना मदत केली असे मला वाटत होते. मी मदत त्यांच्या बाटलीला केली.

वर्गात काय करता येईल

आपण शिक्षक आहोत, म्हणून शेवटी वर्गाकडे यावे. ‘एकच प्याला’ शिकवताना सिंधूच्या पातिव्रत्यावर आणि गडकऱ्यांच्या भाषावैभवावर आपण तास खर्च करतो. त्यातला एक तास तळीरामाला आणि गीतेला द्यावा. सुधाकर दारू सोडून काम शोधायला निघतो तेव्हा प्रतिष्ठित माणसे त्याला दारुड्या म्हणून झिडकारतात. तो प्रवेशही मुलांसमोर ठेवावा, म्हणजे सांभाळून घेणे चूक तसे झिडकारणेही चूक, हे त्यांना दिसेल. मजाजचे लतीफे सांगावेत, पण त्याच तासाला छतावरची रात्रही सांगावी. मंटो शिकवताना सफियांचे नाव घ्यावे.

गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गात मी ‘सुधाकराचे काम कोण करत होते?’ असा प्रश्न दिला. बहुतेकांनी ‘तळीराम’ असे लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिले, ‘आमच्या घरी आई करते.’ मी त्या उत्तराला गुण दिले नाहीत. तास संपल्यावर त्याला बाहेर बोलावून घेतले. धारवाडला शासकीय मानसिक आरोग्य संस्था आहे, १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीसाठी विनामूल्य सल्ला मिळतो, आणि वडिलांना घेऊन जायचे असेल तर मी सोबत येईन, असे सांगितले. तो म्हणाला, ‘सर, पण ते रोज कामावर जातात.’

मी त्याला सांगितले की म्हणूनच आत्ता जायचे.